छोट्या ड्रोनची नोंद : डावीकडे कलण्याचे कारण सापडले

माझा तळहाताएवढा खेळण्यातला ड्रोन गेले दोन आठवडे उचलला की डावीकडे सरकत होता. त्याची दुरुस्ती आज पूर्ण झाली, आणि पहिली चूक ड्रोनची नसून माझी होती, म्हणून ती सविस्तर लिहितो.

बॅटरीसह ड्रोनचे वजन ८२ ग्रॅम भरते, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो वर्गात तो बसतो आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्याला पायलट परवाना लागत नाही. परवान्याची सूट म्हणजे कुठेही उडवण्याची मोकळीक नव्हे. सोनेगावचे विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे मी तो गच्चीवर न नेता घराच्या हॉलमध्येच उडवतो.

मे महिन्यात नागपुरात हॉल म्हटला की खिडकीत कूलर आलाच. पहिल्या दिवशी कूलर चालू असतानाच मी उड्डाण केले, ड्रोन डावीकडे जातो असे पाहून रिमोटवरचे ट्रिम (आपोआप एका बाजूला सरकणारा ड्रोन सावरण्याचे बटण) सहा टिचक्या उजवीकडे दिले आणि काम झाले असे समजलो. दुसऱ्या दिवशी पहाटे कूलर बंद असताना तोच ड्रोन उजव्या भिंतीकडे निघाला, तेव्हा लक्षात आले की मी ड्रोनचा तोल सुधारला नव्हता, फक्त कूलरच्या वाऱ्याचा हिशेब रिमोटमध्ये भरून ठेवला होता. ट्रिम मध्यावर आणले, स्वयंपाकघराच्या सपाट ओट्यावर ठेवून जायरो (ड्रोनचे झुकणे-वळणे ओळखणारा सेन्सर) पुन्हा जुळवला आणि दारे-खिडक्या लावून उडवले. आता खरा दोष दिसला : ड्रोन मागच्या डाव्या कोपऱ्याकडे किंचित झुकत होता, आणि मिनिटभराने ते झुकणे वाढत होते.

चार मोटरींपैकी कर्णावरच्या दोन एका दिशेने फिरतात आणि उरलेल्या दोन उलट दिशेने, त्यामुळे पाती अदलाबदल करायची ती कर्णावरच्या जोडीतच. मागचे डावे पाते मी पुढच्या उजव्या मोटरीवर चढवले आणि तिथले मागे आणले. कल मात्र मागच्या डाव्या कोपऱ्यातच राहिला. म्हणजे पाते निर्दोष होते आणि दोष मोटरीकडे होता. पाते काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर मोटरीच्या दांड्याभोवती एक लांब केस घट्ट गुंडाळलेला होता, इतका की दांडा बोटाने फिरवताना अडखळत होता. टोकदार चिमट्याने केस ओढून काढायला दहा मिनिटे लागली. जमिनीवरून उड्डाण करणाऱ्यांनी दर चार-पाच उड्डाणांनंतर ही जागा अवश्य पाहावी.

अडखळणारी मोटर जास्त करंट खेचते, त्यामुळे बॅटरीचीही तपासणी केली. लिथियम पॉलिमरच्या एका सेलचे पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतात. माझ्या मल्टिमीटरवर ४.१८ आले, म्हणजे ती बॅटरी ठीक आहे. दुसरी बॅटरी मात्र मी पूर्ण भरून तीन आठवडे माळ्याखालच्या तापलेल्या कपाटात ठेवली होती. ती फुगली आहे, म्हणून बाद केली. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. आता मी उड्डाणानंतर वीस मिनिटे बॅटरी थंड होऊ देतो, दुपारच्या उन्हाच्या वेळी चार्जिंग टाळतो, केबल लावून घराबाहेर जात नाही, आणि आठवडाभर उडवायचे नसेल तर ती साधारण ३.८ व्होल्टवर ठेवतो.

आज पहाटे, कूलर बंद आणि ट्रिम मध्यावर ठेवून, ड्रोन ६ मिनिटे २० सेकंद उडाला. केस अडकलेला असताना जेमतेम साडेचार मिनिटे मिळत होती. उतरल्यावर चारही मोटरींना बोट लावून पाहिले. मागची डावी मोटर आता बाकीच्या तिघींइतकीच कोमट लागते.