गच्चीची चाचणी पास झाली, छत मात्र गळतच राहिलं

आमचं घर डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. २०२१ च्या जुलैत बेडरूममध्ये पंख्याच्या हुकाशेजारी रुपयाएवढा ओला डाग दिसला. ऑगस्टमध्ये खाली पातेलं ठेवावं लागलं. ते पातेलं तिथून कायमचं उचललं गेलं २०२४ मध्ये. मधली तीन वर्षं का गेली, तेच सांगायचं आहे, कारण त्यातली दोन नक्की वाचली असती.

खर्च कोणाचा, यावर आमच्याकडे वाद झाला नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने काढायची असं स्पष्ट आहे. अर्ज दिला, पोच घेतली. मे २०२२ मध्ये ठेकेदाराने सोळाशे चौरस फूट गच्ची घासून वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले, चौरस फुटाला ३५ रुपये दराने. मग गच्चीत दोन इंच पाणी भरून चोवीस तास ठेवलं. खाली एक थेंब आला नाही. ठेकेदाराने लेटरहेडवर लिहून दिलं, ‘चाचणी यशस्वी’. खाली सही, शिक्का.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पंख्याच्या डबीतून (पंख्याचा हुक आणि वायरी असतात ती छतातली पेटी) पुन्हा टपटप सुरू.

त्या कागदाने माझी खरी अडवणूक केली. मी सेक्रेटरी काकांकडे गेले की ते फाइल उघडून तोच कागद समोर धरायचे. ‘ताई, चाचणी पास आहे. पाणी गच्चीतून येत नाही.’ मग कुठून येतं? ठेकेदार म्हणाला, तुमच्या बाथरूमचं असेल. बाथरूम बेडरूमच्या शेजारी आहे, बेडरूमच्या छतावर नाही! कमिटीतले एक जण म्हणाले, बंद खोलीतली दमट हवा आहे, खिडकी उघडी ठेवा. उघडी ठेवली, गादीही भिजली. पाण्याच्या टाकीवरही संशय घेतला गेला. टाकी गळत असती तर जानेवारीतही छत ओलं दिसलं असतं. आमचं छत दिवाळीनंतर खडखडीत कोरडं व्हायचं. हे मी लिहून दिलं, तोंडी सांगितलं, फोटो दाखवले.

पुन्हा चाचणी घ्या म्हटलं तर उत्तर एकच, सभेत ठरवू. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे आमची शेवटच्या रविवारी होते. तोवर पाऊस ओसरलेला, डाग फिका पडलेला, आणि खालच्या मजल्यांवरच्या बारा घरांना गळतीशी देणंघेणं नाही. दोन वर्षं विषय पुढे ढकलला गेला. २०२३ च्या सभेत तर पाण्याचाच हिशोब निघाला. सोळाशे चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे साडेसात हजार लिटर, जवळपास टँकरभर. पाणीकपातीत हे कोण भरणार? मी त्या रात्री झोपले नाही, इतका संताप झाला होता. गळती हा माझा भ्रम आहे अशा नजरेने लोक बघतात तेव्हा फार एकटं वाटतं.

ज्यांचं छत गळतंय त्यांनी एक गोष्ट आजच करा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख घाला. माझ्या छतावर अशा अकरा रेघा आहेत, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारख्या एकात एक. दुसरं, पाऊस कधी सुरू झाला आणि थेंब कधी, ते लिहून ठेवा. आमच्याकडे पाऊस लागल्यावर सहा-सात तासांनी थेंब यायचा आणि उघडीप पडल्यावरही दीड दिवस चालू राहायचा. गच्चीवर बहुतेक ठिकाणी कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर असतो, तो पाणी पिऊन धरून ठेवतो आणि आडवं कुठेही नेतो. त्यामुळे ठिबकतं तिथेच वर फोडून उपयोग नसतो.

कोडं सुटलं मार्च २०२४ मध्ये, मोबाइल रिकामा करताना. २०२२ च्या चाचणीचा फोटो समोर आला. भरलेली गच्ची, आणि कोपऱ्यात पावसाच्या पाइपाच्या तोंडाभोवती सिमेंट-वाळूचा बांध. पाणी पाइपातून वाहून जाऊ नये म्हणून तोंडापासून फूटभर अलीकडेच अडवलेलं. म्हणजे सगळी गच्ची तपासली, पण जिथे छताला भोक आहे तेवढी जागा कोरडी ठेवून!

मी एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. फोटो बघून ते म्हणाले, ‘ताई, टँकर कशाला, दोन बादल्या पुरतील.’ पाइपात हातभर खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला चिंध्यांचा बोळा कोंबला, तोंडाभोवती तीन फुटी गोल बांध घातला आणि पाण्यात रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग कालवला. लाल नको म्हणाले, विटेचं पाणी तसंही तांबूस येतं. सकाळी नऊला पाणी ओतलं. पंख्याची वीज एमसीबीवरून (मीटरजवळचा सुरक्षा स्विच) आधीच बंद केली होती (छतातून पाणी येत असेल तर हे विसरू नका). दुपारी अडीचला डबीच्या कडेला थेंब जमला. मी पांढरा रुमाल लावला. फिकट हिरवा डाग. पाइपाच्या तोंडापासून पंखा चौदा फूट लांब आहे.

सेक्रेटरी काकांना मी जिन्यावरूनच हाक मारली. त्यांनी रुमाल हातात घेतला, वर पाहिलं, आणि ‘करून घ्या’ एवढंच म्हणाले.

दोन फूट चौकोन फोडल्यावर दिसलं ते असं. पीव्हीसी पाइप आणि स्लॅबच्या भोकामधली फट विटांचे तुकडे आणि सिमेंटची रिकामी गोणी कोंबून बुजवली होती. गोणी काळी, पिळली तर पाणी निघेल इतकी ओली. तिथून पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीत शिरत होतं आणि नळीतून पंख्याच्या डबीत. वरचं कोटिंग प्लॅस्टिकला नीट चिकटत नाही, ते पाइपापाशी सुटलेलं होतं. शिवाय २०२३ मध्ये ठेकेदाराने फुकटात मारलेल्या आणखी एका हातामुळे तोंडाभोवतीची पातळी उंच होऊन पाणी तुंबत होतं.

सगळं काढून, पाइप खरवडून, न आकसणारं ग्राउट (फटीत भरायचं सिमेंटचं मिश्रण) भरलं, मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) पाइपाच्या आत वळवलं, तोंडाकडे उतार देऊन कोबा केला, कठड्यालगत वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई) मारला. सात दिवस ओली गोणपाटं. नऊ हजार रुपये. नंतर तोंडासकट अठ्ठेचाळीस तास पाणी ठेवलं. तुमच्याकडे चाचणी होईल तेव्हा बांध कुठे घालतात ते स्वतः वर जाऊन बघा, आणि बोळा पाइपाच्या आत खालीच बसवायला लावा.

छताला रंग लगेच देऊ नका, आतली ओल निघायला महिने लागतात. आम्ही तो पावसाळा तसाच जाऊ दिला. जुलै २०२४ मध्ये दोन दिवस धो धो लागला तेव्हा मी रात्री तीनला टॉर्च घेऊन पलंगावर उभी राहिले. सगळ्यात आतली रेघही कोरडी होती.