चांगल्याकडून बिघडलेल्याकडे

सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरांमधून जे ओढे वाहतात, त्यांच्या काठानं अजून थोडं थोडं मूळचं रान शिल्लक आहे. तिथं मी काम करते. स्थानिक कौन्सिल कंत्राट काढते, आमची छोटी तुकडी जाते आणि बाहेरून येऊन माजलेलं तण काढते. या कामाला इथं ‘बुश रिजनरेशन’ म्हणतात. घरच्यांना वाटतं मी झाडं लावते. खरं तर आमच्या हातून रोपं फार कमी लागतात. मातीत मूळच्या झाडांचं बी असतंच. त्याला उजेड आणि जागा मिळवून द्यायची, एवढं आमचं काम.

नव्या माणसाला आमची सुपरवायझर पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते : सगळ्यात दाट जाळीला आज हात लावायचा नाही. समोर घाणेरीची पुरुषभर उंच भिंत उभी असते आणि कोणालाही वाटतं की कोयता घेऊन तिथंच घुसावं. पण आम्ही सुरुवात करतो ती रान चांगलं आहे तिथून. जिथं देशी गवत, झुडपं, वेली नीट नांदताहेत आणि मध्येच घाणेरीचं एखादं रोप डोकं वर काढतंय, तिथून. ते एक रोप उपटलं की शेजारची झाडं स्वतःच ती जागा भरून काढतात. तेवढा पट्टा सावरला की पुढच्या पट्ट्यात जायचं.

घाईनं दाट जाळी साफ केली तर काय होतं, तेही मी पाहिलंय. एका ओढ्याकाठी कोणीतरी यंत्र लावून सगळी घाणेरी सपाट केली होती. चार दिवस जागा मोकळी, देखणी दिसली. पण उघड्या मातीवर ऊन पडलं, आत दबलेलं तणाचं बी एकदम रुजलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथं घाणेरीबरोबर आणखी चार जाती उभ्या होत्या. शिवाय पावसानं वरची माती ओढ्यात गेली, ती वेगळीच.

ही रीत दोन बहिणींनी घालून दिली. आयलीन आणि जोन ब्रॅडली. सिडनी हार्बरच्या उत्तर काठावर, मोस्मन भागात त्या राहत. १९६० च्या दशकात घराजवळच्या रानात फिरायला जाताना त्या वाटेतलं तण हातानं काढू लागल्या, आणि काढलेल्या जागेचं पुढं काय होतं ते वर्षानुवर्षं बघत राहिल्या. त्यातून त्यांचे तीन नियम आले : चांगल्या भागातून बिघडलेल्या भागाकडे जायचं, माती कमीत कमी हलवायची आणि काढलेला पालापाचोळा पुन्हा जागच्या जागी पसरायचा, आणि तिसरा, देशी झाडं ज्या वेगानं परत येतील त्याच वेगानं पुढं सरकायचं. आयलीन १९७६ मध्ये गेल्या, जोन १९८२ मध्ये. तिथं जवळच ‘ब्रॅडलीज हेड’ नावाचं टोक आहे. अनेकांना वाटतं ते त्यांच्या नावानं आहे, पण ते पहिल्या ब्रिटिश ताफ्यातल्या एका नौदल अधिकाऱ्याचं नाव. माझ्या मते ते टोक या दोघींच्याच नावानं असायला हवं होतं.

तिसरा नियम पाळणं सगळ्यात जड जातं. कंत्राटात तारखा असतात, चौरस मीटर असतात. झाडांना तारखा समजत नाहीत. ज्या वर्षी पाऊस नसतो त्या वर्षी देशी रोपं उगवतच नाहीत, मग आम्हीही नवी जागा उघडायची नाही. जुन्याच पट्ट्यात पुन्हा पुन्हा फिरून उगवलेलं तण वेचत राहायचं. कौन्सिलच्या ज्या माणसाला हे कळतं, त्याच्या हाताखालची रानं दुरूनच ओळखू येतात.

प्रत्येक तणाची खोड वेगळी, आणि मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते हे बारकावे. घाणेरीचं लहान रोप मुळासकट उपटून झाडाच्या बेचक्यात अडकवून ठेवायचं, कारण मातीला टेकलं की ते पुन्हा मूळ धरतं. मोठं खोड जमिनीलगत कापायचं आणि कापल्या कापल्या, काही सेकंदांच्या आत, त्यावर तणनाशकाचा बोळा फिरवायचा. उशीर झाला की खोड कापलेली जागा बंद करून घेतं आणि औषध आत जातच नाही. म्हणून आम्ही जोडीनं काम करतो, एकीनं कापायचं, दुसरीनं लगेच लावायचं. कुंडीत शोभेला ठेवतात त्या ॲस्परॅगस फर्नच्या मुळांशी पांढऱ्या गाठींचा गुच्छ असतो. त्या गाठी फक्त पाणी साठवतात, त्यांच्यापासून काही उगवत नाही. मधला गड्डा तेवढा सुरीनं कोरून काढायचा आणि गाठी मातीत राहू द्यायच्या, म्हणजे माती उकरावी लागत नाही. ट्रॅड नावाची रसाळ पानांची सरपटी वेल ओलसर सावलीत सगळी जमीन झाकून टाकते. ती दाताळ्यानं ओढत चटईसारखी गुंडाळायची आणि तुटलेले तुकडे वेचायचे, कारण एकेक पेर रुजतं. तिच्यावर २०१९ पासून ब्राझीलहून आणलेली एक बुरशीही सोडली जाते. ती पानांवर वाढते आणि वेलीचा जोर कमी करते.

आमच्या भागातलं सगळ्यात मोठं संकट मात्र आफ्रिकन ऑलिव्ह. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी ते सिडनीच्या नैर्ऋत्येला कॅम्डनच्या बाजूला आणलं. पक्षी फळं खातात आणि बी सगळीकडे नेतात. त्याची सावली इतकी दाट आणि बारमाही की खाली गवताची काडी उरत नाही. आणि त्याच्या खाली जे मरतंय ते आहे कंबरलँड प्लेनचं, म्हणजे पश्चिम सिडनीच्या मैदानावरचं विरळ रान, जे मूळच्या दहा टक्क्यांहूनही कमी उरलंय आणि अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलं गेलंय. बाकीच्या जमिनीवर आधी शेती झाली, मग आम्ही राहतो ती घरं. मोठं ऑलिव्ह तोडत नाही आम्ही. बुंध्याभोवती थोड्या थोड्या अंतरावर तिरपी भोकं पाडून प्रत्येकात लगेच औषध भरतो. झाड उभ्या उभ्या वाळतं, उजेड हळूहळू खाली उतरतो, आणि खालच्या गवताला तेवढं हळूच हवं असतं.

याच रानातलं एक प्रमुख झाड म्हणजे फॉरेस्ट रेड गम. आपल्याकडे ‘म्हैसूर गम’ म्हणून जी निलगिरी शेकडो मैल रांगा लावून उभी केली, ती बहुतांशी याच जातीची. तिकडे तिच्याखाली काही उगवत नाही म्हणून लोक वैतागतात. इथं तिच्या ढोलीत पोपट घरटी करतात, खाली पंधरा-वीस जातींचं गवत आणि रानफुलं सहज सापडतात, आणि ती वाचावी म्हणून आम्ही गुडघ्यांवर रांगत असतो. घाणेरी मात्र दोन्हीकडे पाहुणी. मूळची अमेरिका खंडातली. ऑस्ट्रेलियात १८४१ च्या सुमाराला बागेतली शोभा म्हणून आली आणि आज चाळीस लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर पसरलीय.

तण हे कारण आहे की लक्षण, हा प्रश्न इथं रोज पडतो. सिडनीच्या वालुकाश्मावरची माती मुळातच कसहीन, फॉस्फरस अगदी कमी, आणि इथली झाडं लाखो वर्षांत त्याच उपासाला सरावलीत. आता टेकाडावर वस्ती आहे. अंगणातलं खत, कुत्र्यांची घाण, गाड्या धुतलेलं पाणी, सगळं पावसाच्या गटारातून ओढ्यात उतरतं. गटाराच्या तोंडाशी उभं राहिलं तर पाणी जिथं जिथं पोचतं तिथं तिथं बाहेरून आलेल्या प्रिव्हेटची झुडपं आणि ट्रॅडची गादी, आणि पाण्याच्या वर दोन हातांवर इथलं देशी झाड बँक्सिया खुशाल उभं. तिथं कितीही वर्षं तण काढलं तरी ते परत येणार. त्यामुळे मी आमच्या गल्लीत भेटेल त्याला सांगते, बागेतला कापलेला पाला मागच्या रानात टाकू नका. बहुतेक तणं अशीच कुंपणावरून आत गेली आहेत.

आणि काही ठिकाणी तणाचीही दया करावी लागते. सुपर्ब फेअरी-रेन हा मुठीत मावेल एवढा निळा पक्षी. मूळची काटेरी झुडपं गेल्यावर त्यानं घाणेरीचा आसरा घेतला. ती एकदम काढली तर उघड्यावर नॉइझी मायनर नावाचे दांडगे पक्षी येतात आणि त्याला हाकलून लावतात. ते मायनरही इथलेच, पण मोकळं रान मिळालं की दुसऱ्या कोणाला टिकू देत नाहीत. म्हणून आम्ही ठिगळा-ठिगळानं काढतो, काही जाळ्या मारून वाळक्या उभ्या ठेवतो, आणि शेजारी देशी काटेरी झुडूप अंगभर वाढेपर्यंत पुढच्या ठिगळाला हात लावत नाही. विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही.

लोक विचारतात, एखादा किडा सोडून हे सगळं होणार नाही का? एकदा झालंय. निवडुंगानं क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्समधली सुमारे सहा कोटी एकर जमीन गिळली होती, लोक शेतं सोडून गेले होते. अर्जेंटिनाहून आणलेला कॅक्टोब्लास्टिस पतंग १९२६ पासून सोडला, आणि सात-आठ वर्षांत त्याच्या अळ्यांनी बहुतेक निवडुंग आतून खाऊन संपवलं. क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावात त्या किड्याच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये बांधलेलं सभागृह आहे. पण घाणेरीवर १९१४ पासून तीसेक जातींचे किडे आणि बुरश्या सोडून झाल्या, तरी ती उभीच. तिच्यासाठी अजून माणसांचेच हात लागतात.

त्या हातांची कदर इथं होते. बाहेरच्या कामाचे कपडे घालून बसमध्ये चढले तर कोणी वळून पाहत नाही. आमच्या तुकडीत इतिहासाचा पदवीधर आहे, पूर्वीची नर्स आहे, शिकाऊ मुलगा आहे. उन्हाळ्यात सहाला काम सुरू होतं. गोचिडी हा रोजचा त्रास, साप अधूनमधून. सापाला वाट द्यायची आणि डबा दुसरीकडे खायचा. रानात शिरण्याआधी बुटांचे तळ घासून त्यांवर मेथिलेटेड स्पिरिट मारायचं, कारण मुळं कुजवणारा फायटॉफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मातीबरोबर एका रानातून दुसऱ्या रानात जातो. दिवसाच्या शेवटी कुठलं औषध, किती, वारा कुठून होता, हे सगळं नोंदवहीत.

शिकायला किंवा नोकरीला सिडनीला येणार असाल तर आपल्या कौन्सिलच्या बुशकेअर गटाची, म्हणजे रानाची निगा राखणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाची चौकशी करा. महिन्यातून एखादी सकाळ असते, पैसे पडत नाहीत, हातमोजे आणि हत्यारं तेच देतात, आणि एक जाणकार माणूस शेजारी बसून कुठलं रोप ठेवायचं, कुठलं काढायचं ते दाखवतो. पहिल्यांदा हिवाळ्यात जा. ऊन सोसवतं, साप कमी असतात, आणि जून-जुलैत वॉटल, म्हणजे इथली बाभळीच्या कुळातली झाडं, फुलू लागते, त्यामुळे निदान ते एक झाड तरी पहिल्या दिवसापासून ओळखता येतं.