चढता दक्षिणद्वार

जुलैत सांगलीच्या आत्याकडे पेपर आला की आधी पाणीपातळीचा चौकोन वाचला जातो. आयर्विन पुलापाशी किती फूट, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, कोयनेतून विसर्ग किती, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले. निधनवार्ता त्यानंतर. आत्या पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार, पण या आकड्यांवरून वाडीला दक्षिणद्वार, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरण्याचा सोहळा, कधी होणार ते ती सांगते आणि बहुतेक वेळा तसंच होतं. यंदा पुण्यात फोन आला, "उद्या निघ. परवापर्यंत पाणी देवळात शिरतंय बघ." निघाले.

वाडी म्हणजे नरसोबाची वाडी, सरकारी पाटीवर नृसिंहवाडी. शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. दत्तावतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले आणि गाणगापूरला निघताना औदुंबराखाली पादुका ठेवून गेले, अशी श्रद्धा. गाभाऱ्यात मूर्ती नाही, या 'मनोहर पादुका'च आहेत. गुरुचरित्रातली घेवड्याच्या वेलाची गोष्टही याच परिसरातली. गरीब ब्राह्मणाच्या दारातला वेल स्वामींनी उपटला आणि मुळाशी धनाचा कुंभ निघाला. आमच्याकडे पारायणाच्या समाप्तीला घेवड्याची भाजी लागतेच. ती भाजी मला लहानपणापासून आवडत नाही, पण त्या दिवशी निमूट खाते.

देवळाला शिखर नाही, कळस नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची गेलेली दृष्टी परत आली, म्हणून त्याने हे देऊळ बांधून दिलं, असं वाडीत कुणीही सांगेल. इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत. घाटावरून तो सपाट माथा बघताना मला तरी ती गोष्ट खोटी म्हणवत नाही.

हे देऊळ घाटाच्या अगदी खालच्या अंगाला आहे. पावसाळ्यात कृष्णा एकेक पायरी चढत येते, मंडपात शिरते, मग गाभाऱ्यात. त्याआधी उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. गाभाऱ्यात आलेलं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं, आणि त्या दारात लोक स्नान करतात. पाणी चढताना घडलं तर चढता दक्षिणद्वार, ओसरताना घडलं तर उतरता. पाणी कमी असेल तर ते पादुकांपर्यंत पोचत नाही, जास्त झालं तर दारच बुडतं आणि तिथे कुणी उभं राहू शकत नाही. सगळा सोहळा पातळीच्या तेवढ्याशा फरकात बसतो. कधी काही तास मिळतात, कधी भल्या पहाटेच उरकतो. आत्याचा फुटांचा हिशेब त्यासाठी.

एसटीत जयसिंगपूरपासूनच पाण्याच्या गप्पा. शिरोळच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस गुडघाभर पाण्यात उभा होता. मागच्या बाकावर दोघांचं कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून जुंपलं होतं. एक म्हणत होता, धरण ५१९.६० मीटरपर्यंत भरतात म्हणून आपल्याकडे पाणी तुंबतं, आणि आता कर्नाटकाला ते ५२४ मीटरच्या वर न्यायचंय. दुसऱ्याने वडनेरे समितीचा दाखला दिला, की २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही असं तिनेच म्हटलंय. त्यावर पहिला म्हणाला, "समितीला म्हणावं, या हितं ऱ्हायला." आत्याने मान डोलावली. सांगली-कोल्हापुरात कुठल्याही वयाच्या माणसाला धरणाचं मत असतं, पुण्यात पार्किंगचं असतं तसं.

देवळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आत्याचा ठरलेला पेढेवाला आहे. दुकानात निम्म्या फळ्या रिकाम्या. माल वरच्या माळ्यावर चढवण्याचं काम चाललेलं, मुलगा शिडीवर, हा खालून खोकी देतोय. भिंतीवर त्याने ऑइलपेंटने रेघा मारून ठेवल्यात. २००५ ची माझ्या छातीशी, २०२१ ची तिच्या वर, २०१९ ची हात उंच करूनही लागत नव्हती.

"काय हो, लवकर आवरताय?" मी विचारलं.

"पाणी चढायलंय ताई. दक्षिणद्वार होऊ दे, त्याबिगर बरं वाटत न्हाई. पर हितनं वर नको." मग आत्याकडे वळून, "आज्जी, तुमी जावा लवकर, तासाभरात दोरी बांधतील."

सकाळी त्याने स्वतः जाऊन स्नान केलं होतं. आला तो ओल्या धोतरानिशी आणि लागला खोकी उचलायला. पुराला शिव्या आणि तीर्थाला नमस्कार, दोन्ही एकाच माणसाकडून एकाच सकाळी, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. मला वाटलं होतं, पण मी पुण्याची. माझ्या घरात कृष्णा नळातूनही येत नाही.

दोरी बांधायच्या आत आम्ही उतरलो. 'दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा' चालू, बायकांचा आवाज चढा. जीवरक्षक जॅकेटं घातलेली गावातली पोरं कडेने उभी, आणि एकजण सारखा ओरडत होता, "मोबाइल खिशात ठेवा, हात धरा!" पाणी चहाच्या रंगाचं, त्यात उसाचं पाचट आणि एक तरंगती चप्पल. फोटोत दिसतं तसं काही शांत, पवित्र दृश्य नव्हतं. ढकलाढकली होती, आणि पाणी मला वाटलं होतं त्यापेक्षा फार जोरात होतं. पोटरीला लागल्यावर कळलं की ही नदी देवळातनं नुसती डोकावून जात नाहीये. आत्याला पायरीवर बसवलं आणि तांब्याने तिच्या खांद्यावर पाणी घातलं. ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. नंतर विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांची नावं घेतली. तुझ्या सासूचंपण."

नेहमीच्या दिवसांत वाडीला आलं की आम्ही कुरुंदवाडलाही जातो, तिथे घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी दाखवतात. थंडीत आलात तर कृष्णाकाठची वांगी न्या. पूर ओसरल्यावर जी मळी मागे राहते, तिच्यावरच ती पिकतात, आणि भरल्या वांग्यात देठासकट विरघळतात. या खेपेला यातलं काही जमणार नव्हतं. बासुंदीही नाही मिळाली, दूधच आलं नव्हतं म्हणे. कवठाची बर्फी तेवढी मिळाली, तीही माळ्यावर जाता जाता राहिलेल्या खोक्यातली.

दुपारच्या एसटीने परतलो. संध्याकाळपर्यंत दार बुडालं, दुसऱ्या दिवशी मंडप, आणि मी पुण्याला आल्यावर रोज पाणीपातळी बघायला लागले. आठवड्याने आत्याचा फोन. उतरता दक्षिणद्वार झाला, पण ऐन मध्यरात्री, त्यामुळे तिला कुणी नेलं नाही. यावर ती बराच वेळ बोलली. पेढेवाल्याकडे पाणी पायरीला लागून परत फिरलं, गाळ मात्र दारापर्यंत आलाय. "त्याला फोन करून ठेव," म्हणाली, "राखीला दोन किलो बासुंदी पाहिजे, आणि या वेळी दूध आलं नाही म्हणून चालणार नाही."