आमची वाटचाल : बाजूला काढलेल्या क्रेटमधून

आमच्या महाबळेश्वर-जावळी भागात पूर्वी घरटी एक माणूस मुंबईला असायचा. थोरले काका मस्जिद बंदरला माथाडी कामगार होते. त्यांची मनीऑर्डर आली की घरात तेल-मीठ यायचं. इथं उतारावरच्या तुकड्यांत नाचणी, वरी, थोडा गहू. पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की पाण्यासाठी वणवण, असा हा मुलूख.

वडिलांनी पाऊण एकरात स्ट्रॉबेरी लावली आणि आमच्या हातात पहिल्यांदा रोख पैसा दिसला. पाऊस ओसरला की गादीवाफे, काळा मल्चिंग पेपर, ठिबक, डिसेंबरपासून तोडा. आई पनेट, म्हणजे फळांचे छोटे डबे, भरायला बसायची. एकसारखं, देठाचा पाला ताजा असलेलं फळ मुंबईला. बोटाचा दाब लागलेलं, वाकडं, दोन फळं जुळलेलं बाजूच्या क्रेटमध्ये. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही, नासते तेवढी. त्यामुळे तो क्रेट संध्याकाळी मिळेल त्या भावात द्यावा लागायचा. पिकवायला कष्ट तेवढेच, आणि भाव मात्र मातीमोल. आईला ते फार लागायचं.

आमचा जॅमचा धंदा त्या क्रेटमधून निघाला. जॅम इथं नवा नव्हता. पाचगणीत मॅप्रो ही जॅम-सरबतांची कंपनी १९५९ पासून आहे. शिवाय २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, म्हणजे धुराड्यांचे कारखाने इथं येणार नाहीत हे नक्की झालं. त्याबद्दल गावात कुरकुर आहे. बांधकामाची परवानगी मिळवताना मीही दमलो आहे. पण कृष्णा-कोयना इथून निघतात. वरचा डोंगर उघडा पडला तर खालच्यांनी काय करायचं? डोंगरानं शेतीमालावरची प्रक्रिया, मध आणि पर्यटन यांवरच पोट भरावं, असं माझं मत आहे.

२००६ ला दोन शेगड्या आणि एक मोठं पातेलं घेऊन सुरुवात केली. आई जॅमचा थेंब ताटलीत टाकायची, ताटली कलती करायची. थेंब ओघळला नाही की उतरवायचं. पहिल्या वर्षी घाईत ऐंशी बरण्या लवकर उतरवल्या. तीन आठवड्यांत झाकणं फुगली, माल परत आला. सगळा परसात खड्डा करून पुरला. त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे गोडी मोजायचं उपकरण, घेतला. काचेवर थेंब, उजेडाकडे धरून बघायचं, ६५ ब्रिक्सच्या (साखरेच्या प्रमाणाचं माप) खाली गॅस बंद करायचा नाही. नियमानं जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ लागतं, स्ट्रॉबेरीला मात्र २५ टक्क्यांची मुभा आहे. आम्ही ती मुभा कधी घेतली नाही. स्वस्त विकता येत नाही त्यामुळे, पण गिऱ्हाईक परत येतं.

२०१० ला महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा लेबलवर गावाचं नाव मोठ्या अक्षरात घेतलं.

मार्च २०२० मध्ये ऐन हंगामात लॉकडाऊन लागला. पर्यटक नाही, गाड्या नाहीत. शेजाऱ्यांनी लालभडक फळ गुरांपुढे टाकलं, ते डोळ्यांनी पाहिलं. त्या महिन्यात आम्ही जमेल तेवढं फळ घेऊन पल्प (गर) केला, डीप फ्रीजरमध्ये ठेवला आणि पावसाळ्यात हळूहळू शिजवला. पावसाळ्यात भट्टी पेटती राहू शकते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ ला, चोवीस तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. दरडी आल्या, आंबेनळी घाट बंद, वीज गेली. निम्मा पल्प वितळून गेला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत कर्ज घेतल्यावर प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळालं. त्यातून नवा फ्रीजर आणि गर काढायचा पल्पर घेतला, जनरेटर पदरच्या पैशानं.

आज आमच्याकडे नऊ जणी वर्षभर कामाला आहेत. त्यांतल्या एकीचे यजमान वाशी मार्केटमधलं ओझ्याचं काम सोडून गेल्या वर्षी गावी परतले. पल्पर आता तेच चालवतात.