शुक्रवारी गाढवांना सुट्टी

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला गेलो त्या दिवशी किनाऱ्यावर एकही गाढव नव्हतं. लेकीला मी आठवडाभर लालूच दाखवली होती, की वाळूवर गाढवांची रांग असते, गळ्यात घंटा, कपाळपट्टीवर नाव, आणि त्यातलं आवडेल ते निवडून फेरी मारायची. प्रत्यक्षात ओली वाळू, लांब मागे सरकलेला समुद्र आणि एक सीगल. आइस्क्रीमवाल्या बाईंकडे चौकशी केली. "आज शुक्रवार ना, त्यांची सुट्टी असते," त्या म्हणाल्या. नियमच आहे तसा. शुक्रवारी सुट्टी, रोज दुपारी जेवणाची तासभर सुट्टी.

माझे वडील, अप्पा, रेलिंगला टेकून उभे होते. ऑगस्ट महिना असून डोक्याला माकडटोपी. त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे यांची युनियन हाय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "टिकली म्हनायची."

अप्पा अठराव्या वर्षी साताऱ्याहून मुंबईला आले ते लालबागच्या एका गिरणीत त्रासन खात्यात लागले. सूत कातायचं काम. साच्यावरचा धागा तुटला की बोटाने सांधायचा, पुन्हा तुटला की पुन्हा सांधायचा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि तो अप्पांच्या बाबतीत कधी संपलाच नाही. पुढची वीस वर्षं त्यांनी एका सोसायटीत वॉचमनकी केली. आता तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेत, बोल्टन या इंग्लंडमधल्या जुन्या गिरणगावात. इथेच सॅम्युअल क्रॉम्प्टन नावाच्या माणसाने 1779 मध्ये सूतकताईचं म्यूल यंत्र केलं. हे मी त्यांना आल्या आल्या सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग गिरण्या दाखव." दाखवल्या. एकीत फ्लॅट, एकीत गोदाम, एकीत जिम. अप्पांनी मान डोलावली. यातलं काही त्यांना नवीन नव्हतं.

तर बोल्टनहून ब्लॅकपूलला गाडीने तासाभराचा प्रवास. या रस्त्याने पूर्वी गावंच्या गावं जात. लँकेशायरच्या, म्हणजे याच भागातल्या, गिरण्यांना वर्षातून एकदा आठवडाभर टाळं लागे, त्याला इथे 'वेक्स वीक' म्हणतात. बॉयलर थंड, यंत्रांची साफसफाई, दुकानंसुद्धा बंद, आणि सगळं गाव ट्रंका घेऊन स्टेशनवर. ब्लॅकपूलला रेल्वे आली 1846 मध्ये, तेव्हापासून ही रीत वाढत गेली. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा असल्यामुळे उन्हाळाभर ब्लॅकपूलला गर्दी: या आठवड्यात बोल्टन, पुढच्यात ओल्डहॅम. सुट्टीचा पगार मात्र नसे. म्हणून वर्षभर गिरणीतल्या क्लबात थोडे थोडे पैसे साठवायचे आणि निघताना उचलायचे.

"भिशीच की," अप्पा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "आमी जत्रंला गावी जायचो. समुद्र वरळीला, चालत जाण्याजोगा. पन सुट्टीत समुद्रावर जावं हे कुनाच्या डोक्यात न्हाई आलं."

रिकाम्या हाताने समुद्र बघण्यात लँकेशायरच्या लोकांनाही फार गोडी नसावी. त्यांना त्या आठवड्यात सगळं पाहिजे होतं. म्हणून इथे एकाला एक लागून सगळं उभं राहिलं. नॉर्थ पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला फिरायचा धक्का, 1863 चा, मग आणखी दोन पिअर. गाण्याबजावण्याला, नाचाला विंटर गार्डन्स. 1894 मध्ये आयफेल टॉवर पाहून केलेला, 158 मीटर उंचीचा लोखंडी मनोरा, आणि त्याच्या चार पायांच्या मधोमध सर्कस. या मनोऱ्याच्या कल्पनेची थट्टा करण्यात अर्थ नाही. चाळीच्या खोलीतून आठ दिवस सुटका झालेल्या माणसाला नजर वर न्यायला काहीतरी हवंच.

दुपारी एका छोट्या थिएटरात जादूचा खेळ पाहिला. दोर कापून जोडणे, रिकाम्या डब्यातून रुमाल, वगैरे. जादूगार बरा होता, तोंडाने फार बोलायचा. अप्पांना एक शब्द कळत नव्हता आणि त्यामुळे त्यांचं लक्ष कुठे ढळत नव्हतं. सगळं थिएटर त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतं तेव्हा अप्पा डाव्याकडे बघत होते. मध्यंतरात म्हणाले, "पुन्याला एकदा रघुवीरांचा खेळ बघितलाय. तवाबी मी हेच केलं. तरी कळलं न्हाई, ते मोठे. याचं दोनदा कळलं." दर फेब्रुवारीत जगभरचे हजारो जादूगार इथे विंटर गार्डन्समध्ये संमेलनाला जमतात. त्या दिवसांत अप्पांना इथे आणू नये, असं मला वाटून गेलं.

मनोऱ्यासमोर जमिनीवर ग्रॅनाइटमध्ये विनोद कोरलेले आहेत, हजारावर विनोदवीरांचे. 'कॉमेडी कार्पेट' नाव त्याचं, 2011 चं. लोक माना खाली घालून हसत फिरतात, लांबून बघणाऱ्याला सगळ्यांचं काहीतरी हरवलंय असं वाटावं. मी अप्पांना दोन-तीन विनोद मराठीत सांगायचा प्रयत्न केला. विनोद मेले. मी सांगते म्हणून अप्पांनी ऐकून घेतले, इतकंच.

पण एक गोष्ट त्यांना पटली. इथल्या गिरण्यांत यंत्रांचा आवाज एवढा, की बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून बायका ओठ मोठ्ठे हलवून, भुवया उडवून, हातवारे करून बोलायच्या. त्याला 'मी-मॉ' म्हणायचे. सवय अशी लागे की गिरणीबाहेर, शांत खोलीतही त्या तशाच बोलत. पुढे लेस डॉसन या विनोदवीराने बाईचा वेश घेऊन ती तऱ्हा रंगमंचावर आणली आणि देश हसला. मी हे सांगत होते तेव्हा अप्पा मला थांबवून लेकीकडे वळले आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी काहीतरी बोलले. तिला कळलं नाही. मला कळलं. 'भूक लागली का?' लहानपणी ते असंच बोलायचे घरात, आणि मला वाटायचं आपल्या बापाला ऐकू कमी येतं म्हणून. ते तर येतंच कमी. पण दोन्हीचं मूळ एकच होतं, हे मला ब्लॅकपूलच्या फरशीवर उभं राहून कळावं!

सर्कशीत शिरलो आणि लेक "वॉव" म्हणाली. तंबूची सवय असलेल्या माणसाला ही वास्तू चमत्कारिकच वाटते. सोनेरी कमानी, नक्षी, छताला झुंबर. फ्रँक मॅचम नावाच्या, थिएटरं बांधणाऱ्या वास्तुकाराने 1900 च्या सुमारास केलेली सजावट. प्राण्यांचे खेळ 1990 मध्येच बंद झाले. चार्ली कैरोली हा जोकर 1939 पासून चाळीस वर्षं या एकाच रिंगणात होता. गिरणीत चाळीस वर्षं भरली की घड्याळ मिळायचं, अप्पा म्हणाले. त्यांना मिळालं नव्हतं.

मला सर्कस म्हटलं की अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे आठवतात. कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती. हिंदुस्थानी माणसाला हे जमायचं नाही, असं तो बोलला आणि ते छत्र्यांच्या जिव्हारी लागलं, अशी गोष्ट सांगतात. छत्रे म्हणजे घोड्यांत हयात घालवलेला माणूस. त्यांनी 20 मार्च 1880 ला मुंबईत स्वतःच्या सर्कशीचा पहिला खेळ लावला. गंमत पुढेच आहे. गाण्याचा नाद असा, की ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ या सर्कशीबरोबर गावोगाव हिंडले. वाघ, घोडे, झुले आणि ख्याल! ब्लॅकपूलवाल्यांनी समुद्राकाठी सगळं एकत्र आणलं म्हणून त्यांचं कौतुक. आपल्याकडे ते बैलगाडीवर लादून फिरवत होते. आणि गण, गवळण, बतावणी, लावणी, वग असं सगळं एका रात्रीत बसवणारा तमाशा तरी दुसरं काय असतो? लालबागच्या हनुमान थिएटरात अप्पांनी पाळी सुटल्यावर किती रात्री काढल्या, ते आईला विचारावं.

खेळ सुरू झाला. चेंडू झेलणारा, दोरीवरून चालणारा, जोकरांची पाडापाडी. जोकर पडला की अप्पा खो-खो हसत होते, त्याला भाषा लागत नव्हती. मग एक मुलगी दोराला धरून वर गेली आणि छताखाली गरगर फिरायला लागली. सगळ्यांच्या माना वर. अप्पांची मान खाली. मी कोपराने ढोसलं, तर त्यांनी बोट दाखवलं. रिंगणाच्या कडेला काळ्या टी-शर्टमधला एक माणूस अंधारात उभा होता. तिच्या कमरेची दोरी त्याच्या हातात. ती खाली येई तेव्हा तो दोन पावलं मागे सरे, वर जाई तेव्हा पुढे येई, आणि हाताची दोरी एकदाही लोंबली नाही की ताणली नाही. त्याची नजर तिच्यावर नव्हतीच फारशी.

"हाताला कळतंय त्येच्या," अप्पा माझ्या कानात म्हणाले. म्हणजे सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "तुटायच्या आधी धागा सांगतो."

टाळ्या मुलीला पडल्या. अप्पांनी टाळ्या वाजवल्या त्या तिकडे, अंधाराकडे तोंड करून.

शेवटी रिंगणाची जमीनच खाली गेली. सांगूनही खरं वाटत नाही असा प्रकार आहे. आत्तापर्यंत ज्यावर लोक नाचत होते ती फरशी खचत गेली आणि चहूकडून पाणी आलं. सुमारे 1 लाख 90 हजार लिटर, एका मिनिटाच्या आत, साडेचार फूट खोल. मग कारंजी, रंगीत दिवे, पाण्यात उड्या. असं रिंगण इंग्लंडमध्ये आता फक्त दोन ठिकाणी उरलंय, दुसरं ग्रेट यार्मथला. लेक बाकावर उभी राहिली. अप्पा मात्र अस्वस्थ. "पंप कुठं हायेत?" दोनदा विचारलं. खेळ संपल्यावर ते पाच मिनिटं तिथेच बसून राहिले, पाणी उतरताना बघायला मिळेल म्हणून. शेवटी झाडूवाल्याने हाताने खूण करून आम्हाला उठवलं.

बाहेर आलो तर ट्रामच्या रस्त्यावर रोषणाईचे दिवे टांगून तयार होते, पेटायला अजून अवकाश होता. आणि प्रत्येक दुकानात रॉक. ही साखरेची गुलाबी कांडी. कुठेही मोडा, आतल्या पांढऱ्या गाभ्यात 'ब्लॅकपूल' अक्षरं दिसतात. लेकीने एक घेतली. अप्पांनी हातात घेऊन दोन्ही टोकं पाहिली आणि पाच घेतल्या.

रात्री घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी सुरी मागितली. कांडीचे काप केले, रुपयाच्या नाण्याएवढे, आणि चष्मा कपाळावर सारून एकेक काप दिव्यासमोर धरला. अक्षरं सगळ्या कापांत तीच. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ये इकडं," त्यांनी नातीला बोलावलं. "हे एवढं बारीक कुनी लिवलेलं न्हाई. आधी जाड करत्यात, तुज्या आज्याच्या मांडीएवढं. अक्षरं त्यात उभी भरायची, पट्ट्यापट्ट्यांनी. मग वढत न्यायचं, वढत न्यायचं. बारीक हुतं, पन आतलं मोडत न्हाई. पेळूचं सूत हुतं तसं."

मी फोनवर शोधून पाहिलं. अगदी तसंच करतात.

पेळू म्हणजे सूत काढायची कापसाची वळी, हे लेकीला कळलं नव्हतं, आणि तिच्या तोंडात साखर होती. अप्पांनी काप मोजायला घेतले. मुंबईच्या आमच्या चाळीत आता जुनी अकरा बिऱ्हाडं उरलीत, शिवाय आई, शिवाय माझा भाऊ. मोजून झाल्यावर त्यांनी दोन काप उचलले, सुरी पुन्हा घेतली आणि ते आणखी पातळ करायला बसले.