वेव्हेल, आझाद आणि पाठ असलेल्या कविता

२४ मे, रात्र

फील्डमार्शल आर्चिबाल्ड वेव्हेल यांचे निधन १९५० साली आजच्याच तारखेला झाले. आपल्याकडे हे नाव बहुधा सिमला परिषद आणि वेव्हेल योजना यांच्यापुरते, तेही परीक्षेच्या अभ्यासात भेटते; लगेच माउंटबॅटन येतात आणि वेव्हेल मागे पडतात. मला मात्र ते आठवतात ते त्यांच्या कवितासंग्रहामुळे. ‘अदर मेन्स फ्लॉवर्स’ हा त्यांनी निवडलेल्या कवितांचा ग्रंथ १९४४ मध्ये, म्हणजे ते दिल्लीत व्हाइसरॉय असताना आणि महायुद्ध ऐन भरात असताना प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांच्या फुलांचा गुच्छ मी बांधला आहे, त्यातला दोरा तेवढा माझा, अशा अर्थाचे फ्रेंच निबंधकार माँतेन्यचे वचन या नावामागे आहे.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य निवडीपेक्षाही निवडीच्या कसोटीत आहे. त्यातल्या अडीचशेच्या आसपास कविता वेव्हेल यांना कधी ना कधी पूर्ण किंवा बहुतांशी पाठ होत्या. ब्राउनिंग आणि किपलिंग हे त्यांचे विशेष आवडते कवी. घोड्यावर किंवा मोटारीत एकटे असताना ते कविता मोठ्याने म्हणत, आणि कविता डोळ्यांनी वाचण्याची नसून म्हणण्याची गोष्ट आहे, अशी त्यांची धारणा होती. ज्या भाषेत आर्या आणि अभंग पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिले, त्या भाषेच्या वाचकाला ही कसोटी सहज पटावी. संग्रहाच्या अगदी शेवटी, जणू कुंपणाबाहेर, त्यांनी स्वतःचे एकच सुनीत ठेवले आहे.

माणूस कमालीचा अबोल होता. १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत त्यांचा डावा डोळा गेला. पुढे १९४०-४१ च्या हिवाळ्यात उत्तर आफ्रिकेत त्यांच्या छोट्याशा सैन्याने एक लाखाहून अधिक इटालियन सैनिक कैद केले, आणि काही महिन्यांतच ग्रीस आणि क्रीटमधून, तसेच जर्मन सेनापती रोमेल यांच्यापुढे त्यांना माघारही घ्यावी लागली. चर्चिल यांना बोलका, तडफदार सेनापती हवा होता. वेव्हेल यांचे मौन त्यांना कधीच मानवले नाही. ब्रिटिश सेनापती अलेनबीचे चरित्र लिहिणारा आणि केंब्रिजमध्ये सेनापतित्वावर व्याख्याने देणारा हा माणूस बैठकीत मात्र दोन वाक्यांत संपत असे. इतके शब्द पाठ असलेल्या माणसाला स्वतःचे शब्द खर्चण्याची घाई वाटत नसावी, असे मला वाटते.

त्यांच्याविषयीच्या आपुलकीत मी एक गोष्ट विसरू इच्छीत नाही. १९४२ चे आंदोलन चिरडण्यासाठी ज्या लष्कराचा वापर झाला, त्याचे सरसेनापती तेच होते. कवितेवरचे प्रेम साम्राज्याच्या चाकराला साम्राज्याबाहेर नेत नाही. पण ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉय झाल्यावर आठवड्याभरातच ते दुष्काळाने मरणाऱ्या कलकत्त्याला गेले, जे त्यांच्या आधीच्या व्हाइसरॉयने केले नव्हते. त्यांनी धान्यवाटपासाठी लष्कर लावले, आणि त्यानंतर लंडनकडे ते धान्यासाठी चिकाटीने भांडत राहिले. मे १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून गांधीजींची सुटका झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. त्यानंतर गांधी अजून मेले कसे नाहीत, अशी विचारणा करणारी चर्चिल यांची चिडखोर तार आली, याची नोंद वेव्हेल यांनी आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. पेंडरेल मून यांनी संपादित केलेली ती रोजनिशी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात स्वतःच्या बाजूने केलेली वकिली फार थोडी आहे.

वेव्हेल दिल्लीत पाठ कवितांचा ग्रंथ सिद्ध करीत होते, त्याच काळात अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांच्या सरकारचे कैदी असलेले मौलाना अबुल कलाम आझाद पहाटे चहा घेत पत्रे लिहीत होते. ती पत्रे धाडण्याची सोय नव्हती. पुढे १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपात आली. आपला ग्रंथसंग्रह जवळ नसताना त्या पत्रांत फारसी आणि उर्दू शेर ओळीओळीने उतरतात. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नीचे निधन झाले तेव्हाही ते त्याच भिंतींआड होते, आणि त्या दुःखाला त्यांनी पत्रातच वाट दिली. एकाच सत्तेच्या दोन टोकांना बसलेल्या या दोघांची शिदोरी एकच होती, या विचाराने मी अस्वस्थही होतो आणि आनंदितही.

जून १९४५ मध्ये ते दोघे सिमल्याला समोरासमोर आले. काँग्रेसचे अध्यक्ष असलेले आझाद स्वतः मुसलमान होते, आणि व्हाइसरॉयच्या नव्या कार्यकारी मंडळातले सारे मुसलमान सदस्य मुस्लिम लीगनेच सुचवावेत या जिनांच्या आग्रहावर परिषद अडली. १४ जुलैला ती मोडल्याचे जाहीर करताना वेव्हेल यांनी अपयश स्वतःच्या शिरावर घेतले. राजकारणात हे किती विरळ आहे! आझाद यांनी पुढे आत्मकथनात वेव्हेल यांच्या प्रामाणिकपणाविषयी आदराने लिहिले, ते मला त्या संपूर्ण परिषदेची सर्वांत मोलाची कमाई वाटते. त्या तीन आठवड्यांत एखाद्या संध्याकाळी दोघांनी आपापल्या भाषेतली एकेक कविता एकमेकांना ऐकवली असती, तर जिनांचा आग्रह काही सुटला नसता, हे मला कळते. तरीही तसे घडायला हवे होते असे वाटत राहते.

मार्च १९४७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी वेव्हेल यांना दूर केले. लंडनला परतल्यावर ते रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरचे अध्यक्ष झाले. उद्यापासून त्यांच्या रोजनिशीतली १९४५ च्या जून-जुलैची पाने आणि आझाद यांचे त्याच दिवसांविषयीचे लेखन शेजारी ठेवून, एकेक दिवस घेऊन वाचणार आहे.