सिंगापूर ते बँकॉक: १,४१६ किमी की १,४०९?

सिंगापूर ते बँकॉक हवाई अंतर शोधलं की एके ठिकाणी १,४१६ किमी दिसतं, दुसरीकडे १,४०९ आणि तिसरीकडे थेट १,४४४. तिन्ही आकडे बरोबर आहेत. कुठून कुठे मोजलं आणि पृथ्वीचा आकार काय धरला, एवढ्यावरच सगळं ठरतं.

१,४४४ चा उलगडा सोपा आहे. बँकॉकला दोन विमानतळ आहेत. २००६ मध्ये सुरू झालेलं सुवर्णभूमी शहराच्या पूर्वेला, तर जुनं डॉन म्युआंग उत्तरेला. सिंगापूरहून डॉन म्युआंग सुवर्णभूमीपेक्षा सुमारे २८ किमी लांब पडतं. म्हणून तिकिटावरचा कोड आधी बघा: बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन म्युआंग.

उरलेला सात किलोमीटरचा फरक मात्र खरा मजेशीर. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचे अक्षांश-रेखांश १.३६४ उत्तर, १०३.९९१ पूर्व, सुवर्णभूमीचे १३.६९० उत्तर, १००.७५० पूर्व. पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल आहे असं धरून हॅवरसाइन सूत्र (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर काढणारं) लावलं की १,४१६ येतात. पण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. गोलावर अक्षांशाचा एक अंश सगळीकडे १११.२ किमी धरला जातो, प्रत्यक्षात विषुववृत्ताजवळ तो साधारण ११०.६ किमीच भरतो. हा मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेला जातो आणि सव्वाबारा अंश ओलांडतो, त्यामुळे दर अंशाची ही तूट साठत जाते. चपटेपणा धरून केलेलं गणित १,४०९ देतं, आणि माझ्या मते तोच आकडा वापरावा.

एककातही घोळ होतो. १,४०९ किमी म्हणजे ७६१ सागरी मैल, पण साधे मैल ८७६. वैमानिक सागरी मैलांत बोलतात, बरीच संकेतस्थळं साध्या मैलांत. नुसतं ‘मैल’ लिहिलं असेल तर १.६०९ ने गुणायचं की १.८५२ ने, हे आधी तपासा.

नकाशावर दोन्ही विमानतळांना जोडणारी रेषा मलेशियातल्या क्वांतान शहराजवळून जाते, तिथल्याच कोटा भारूच्या आग्नेयेला समुद्रात उतरते आणि थायलंडचं आखात ओलांडून पट्टायाजवळ किनारा गाठते. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, म्हणून उडालेलं अंतर नेहमीच जास्त असतं. त्यात धावपट्टीची दिशा आली. चांगीच्या धावपट्ट्या साधारण दक्षिणोत्तर आहेत. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तिथे बहुधा उत्तरेकडे तोंड करून उतरतात. मग बँकॉकहून येणारं विमान विमानतळाच्या दक्षिणेला जाऊन वळून येतं. नैऋत्य वाऱ्यांत हा वळसा वाचतो.

वेळेचा हिशोब करताना सर्वात जास्त चूक होते. ताशी ८३० किमीने १,४०९ किमीला पावणेदोन तासही लागत नाहीत. वेळापत्रकात मात्र साधारण दोन तास वीस-पंचवीस मिनिटं असतात, कारण जमिनीवरचं सरकणं, चढण, उतरण आणि थोडी राखीव वेळ त्यात धरलेली असते. शिवाय सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे. सकाळी १० ला निघालेलं विमान बँकॉकला ११:२५ ला उतरतं, तर बँकॉकहून १२ ला निघालेलं सिंगापूरला ३:२५ ला. तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी केली तर एकच प्रवास जाताना दीड तासाचा आणि येताना साडेतीन तासांचा वाटतो. जाताना एक तास मिळवा, येताना एक तास वजा करा.